वचन, दस्तऐवज आणि मुदत : कर्जत तालुक्याच्या निमित्ताने

निवडणुकीच्या वेळी दिलेले वचन पाळले गेले नाही तर मतदाराने दाद कोठे मागावी, हा प्रश्न सामान्यतः राज्यशास्त्राच्या किंवा कायद्याच्या अभ्यासकांकडे सोपविला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याजोगे काय आहे, अशी शंका कोणी घेतल्यास ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. तथापि वचनाचा जाब विचारणे हे शेवटी दोन साध्या गोष्टींवर अवलंबून असते. वचन कोणत्या दप्तरात नोंदले गेले ही एक, आणि त्याबद्दल तक्रार करण्यास मुदत किती ही दुसरी. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील कर्जत तालुक्यास या दोन्हींचा जुना अनुभव आहे. तो निवडणुका सुरू होण्याच्या पुष्कळ आधीचा असून सावकाराच्या ओटीवर मिळालेला आहे. त्या अनुभवाचा आजच्या प्रश्नाशी काय संबंध पोहोचतो, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कर्जत हा भीमा आणि सीना या नद्यांच्या दरम्यानचा, पर्जन्यछायेतील तालुका होय. दि. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला आणि थोड्याच दिवसांत त्याचे लोण अहमदनगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत या तालुक्यांत पोहोचले. ‘दख्खनचे दंगे’ या नावाने परिचित असलेल्या या घटनेत एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. जमावाचा रोख सावकाराच्या जिवावर किंवा तिजोरीवर फारसा नव्हता. तो त्याच्या कागदांवर होता. कर्जरोखे, खते आणि न्यायालयाचे हुकूमनामे हवाली करावेत अशी मागणी होई. ते मुकाट्याने दिले गेले तर बहुतेक ठिकाणी प्रकरण तेथेच थांबे. न दिले तर मारहाण व जाळपोळ होई. ज्या लोकांपैकी पुष्कळांना वाचता येत नव्हते त्यांनी कागद शोधून काढून जाळावेत, यावरून त्या कागदाचे सामर्थ्य त्यांना किती नेमके कळले होते हे दिसून येते.

हे सामर्थ्य कागदात आले कोठून? याचे उत्तर बव्हंशी १८५९ च्या मुदतीच्या कायद्यात सापडते. या कायद्याने नोंदणी न केलेल्या साध्या रोख्यावरील दाव्यास तीन वर्षांची मुदत घातली. जुने दावे उकरून काढून ऋणकोस छळू नये, असा त्यामागील हेतू असावा. प्रत्यक्षात घडले ते उलटेच. पूर्वी सावकार पीकपाणी पाहून वर्षानुवर्षे थांबत असे. आता तीन वर्षे भरत आली की त्यास दावा तरी लावावा लागे, नाही तर नवा रोखा तरी करून घ्यावा लागे. नव्या रोख्यात मागील व्याज मुद्दलात मिळविले जाई आणि शेतकरी त्याखाली नांगराची निशाणी करी. मूळ घेतलेली रक्कम किती, फेडलेली किती, याचा मागमूस त्या नव्या कागदावर राहत नसे. पुढे दावा झाला की ऋणको बहुधा न्यायालयात हजरच होत नसे आणि एकतर्फी हुकूमनामा होई. न्यायाधीशापुढे असे तो शेवटचा कागद. त्यामागची हकीकत विचारण्याचे त्यास प्रयोजन नव्हते.

सरकारने नेमलेल्या आयोगाच्या चौकशीनंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू करण्यात आला. या कायद्याने कर्ज बुडविले, अशी एक समजूत अधूनमधून आढळते. ती बरोबर नाही. कर्ज कायमच राहिले. न्यायालयास मात्र रोख्याच्या पाठीमागे जाऊन व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासण्याचे बंधन आले; शेतकरी ऋणकोस स्वतः होऊन हिशेबाचा दावा लावता येऊ लागला; त्याने मागणी केल्यास सावकाराने पावती, वार्षिक हिशेबाचा उतारा आणि पासबुक देणे आवश्यक ठरले; आणि दाव्याची मुदत वाढविण्यात आली. या कायद्याचे प्रत्यक्ष परिणाम किती झाले याविषयी मतभेद आहेत, आणि सावकारांनी त्यातून वाटा शोधल्या हेही खरे. येथे महत्त्व आहे ते त्यातील तत्त्वास. दोन असमान पक्षांतील व्यवहारात बलिष्ठ पक्षाने हिशेब ठेवावा व तो दाखवावा, असे ते तत्त्व होते.

याच सुमारास सार्वजनिक जीवनातही प्रतिनिधित्वाची एक निराळी कल्पना पुण्यात रूढ होऊ पाहत होती. दि. २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेचा सभासद होण्यास किमान पन्नास प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र सादर करावे लागे. ‘मी अमक्यांच्या वतीने बोलतो’ असे नुसते म्हणून भागत नसे. ते कोण, याचा कागद लागे. सभेच्या जन्मास पर्वती संस्थानाच्या कारभाराविषयीचा असंतोष कारणीभूत झाला, म्हणजे आरंभच हिशेबाच्या मागणीतून झाला, हेही सूचक आहे. अर्थात सभेत सरदार, इनामदार आणि वकील यांचा भरणा होता. कर्जतचा कुणबी त्यांच्या मुखत्यारपत्रांवर सही करीत असेल असे समजणे भाबडेपणाचे होईल. तथापि मुखत्यार हा मालकास जबाबदार असतो, हा दिवाणी व्यवहारातील साधा विचार राजकारणात आणण्याचा तो प्रयत्न होता, आणि पुढील काळात तो मागे पडला.

स्वतंत्र भारताने प्रौढ मताधिकार स्वीकारला आणि १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने निवडणुकीतील गैरप्रकारांची व्याख्या केली. त्या कायद्याच्या १२३ व्या कलमात ‘वचन’ हा शब्द येतो तो लाचेच्या संदर्भात. उमेदवाराने मतदारास मतासाठी लाभाचे वचन देणे हा भ्रष्टाचार आहे. म्हणजे कायद्यास वचन ठाऊक आहे ते अपराध म्हणून. ते पाळले की मोडले याच्याशी त्यास कर्तव्य नाही. शिवाय निवडणुकीविरुद्धचा अर्ज निकालापासून पंचेचाळीस दिवसांत करावा लागतो. वचन मोडण्यास बहुधा वर्षे लागतात; पंचेचाळीस दिवसांत फार तर ते विसरण्यास आरंभ होतो. १८५९ च्या कायद्यातील तीन वर्षे शेतकऱ्यास जाचली ती सावकारास त्वरा करणे भाग पडले म्हणून. ही मुदत मतदारास जाचते ती त्याची तक्रार जन्मण्यापूर्वीच संपते म्हणून.

न्यायालय उमेदवाराच्या कोणत्या शब्दाचा जाब विचारते, याचे उदाहरण याच जिल्ह्यात घडले. कर्जत ज्या दक्षिण भागात मोडतो त्या भागाच्या अहमदनगर लोकसभा मतदारसंघात १९९१ साली काँग्रेसचे उमेदवार यशवंतराव गडाख आणि अपक्ष उमेदवार बाळासाहेब विखे पाटील यांच्यात लढत झाली व गडाख निवडून आले. प्रचारसभांतून आपल्या चारित्र्याविषयी खोटी विधाने करण्यात आली, या मुद्द्यावर विखे पाटील यांनी अर्ज केला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने १९९३ मध्ये ती निवडणूक रद्द ठरविली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रद्द ठरविण्याचा निर्णय कायम केला. शरद पवार यांच्यावरील ठपका मात्र काढून टाकला. पुढे १९९४ मध्ये पोटनिवडणूक झाली. हा खटला निवडणूक कायद्याच्या अभ्यासात अद्याप उद्धृत केला जातो. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील बोध असा की, व्यासपीठावर उच्चारलेला शब्द न्यायालय साक्षीपुराव्याने बारकाईने तपासू शकते. ते काम अशक्य आहे असे नव्हे. मात्र जाब मिळाला तो प्रतिस्पर्ध्याविरुद्ध काढलेल्या शब्दाचा. त्याच सभांतून मतदारांस जे सांगितले गेले असेल, त्याचा विचार खटल्यात येण्याचे कारण नव्हते.

पक्षांच्या जाहीरनाम्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने दि. ५ जुलै २०१३ रोजी तामिळनाडूतील एका प्रकरणात निर्णय दिला. जाहीरनाम्यातील आश्वासने १२३ व्या कलमाखाली भ्रष्टाचार ठरत नाहीत, असे सांगून त्याने निवडणूक आयोगास मार्गदर्शक तत्त्वे करण्यास सुचविले. त्यानुसार २०१४ मध्ये आदर्श आचारसंहितेत भर पडली. आश्वासनामागील कारणमीमांसा आणि पैसा कोठून येणार याचे स्थूल दिग्दर्शन जाहीरनाम्यात असावे, अशी अपेक्षा व्यक्त झाली. अपेक्षाच, कारण आचारसंहितेस कायद्याचे बळ नाही.

आता कर्जतच्या प्रत्यक्ष वचनाकडे वळू. हे वचन मुख्यतः पाण्याचे आहे. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगे ही पाचही धरणे पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात आहेत. येडगावपासून निघणारा डावा कालवा सुमारे अडीचशे किलोमीटर धावून पारनेर, श्रीगोंदे, कर्जत असा करमाळ्यापर्यंत जातो. कर्जत त्याच्या शेपटाकडे आहे. वरच्या भागात आवर्तन लांबले, चाऱ्यांची गळती वाढली किंवा मध्येच उपसा झाला, की शेवटच्या चारीवरील शेतकऱ्यास कोरडा पाट पाहावा लागतो. अशा ठिकाणी ‘पाणी आणून देतो’ हे वचन देण्यास सोपे आणि त्याचा जाब विचारण्यास विलक्षण अवघड असते. आवर्तनाचा निर्णय कालवा सल्लागार समितीत होतो. तेथे अनेक तालुक्यांचे प्रतिनिधी एकमेकांसमोर बसतात. पाणी न आल्यास प्रत्येकास ‘वरच्यांनी अडविले’ असे म्हणता येते आणि ते पुष्कळदा खरेही असते. असत्य वचनापेक्षा हे अर्धसत्य उत्तर मतदारास अधिक निरुपाय करून टाकते, असे मला वाटते.

त्यातच उत्तर कोणी द्यावयाचे हेही बदलत राहते. कर्जतची विधानसभेची जागा पूर्वी अनुसूचित जातींसाठी राखीव होती. २००८ च्या पुनर्रचनेनंतर, २००९ पासून, ती कर्जत-जामखेड या नावाने खुली झाली. मतदारसंघाची सीमा आणि स्वरूप असे बदलले की ज्याने वचन दिले तो उमेदवार पुन्हा त्याच मतदारांसमोर येईलच असे राहत नाही. पुढील निवडणूक हाच खरा जाब, असे जे नेहमी सांगितले जाते, त्यात दोन्ही पक्ष पुन्हा समोरासमोर येतील हे गृहीत धरलेले असते.

मग प्रतिनिधीस मध्येच परत बोलाविण्याचा हक्क असावा काय? जयप्रकाश नारायण यांनी १९७४ च्या आंदोलनात या कल्पनेस चालना दिली. २०११ मध्ये अण्णा हजारे यांनी ती पुन्हा मांडली. हजारे यांचे राळेगणसिद्धी पारनेर तालुक्यात, म्हणजे १८७५ च्या उठावाच्याच टापूत आहे. महाराष्ट्रात या कल्पनेचे थोडेफार रूप ग्रामपंचायतीपुरते दिसते. थेट निवडून आलेल्या सरपंचावर सदस्यांनी तीन चतुर्थांश बहुमताने अविश्वास संमत केला तरी तो ग्रामसभेने गुप्त मतदानाने मान्य करावा लागतो. थेट निवडीची ही पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परत आली. या धरसोडीमुळे तिच्या परिणामांविषयी निश्चित विधान करणे कठीण आहे. परत बोलाविण्याच्या हक्काविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. आमदारास पदावरून दूर केल्याने कालव्याचे पाणी येत नाही, आणि शेजारच्या तालुक्याशी तडजोड करणारा प्रतिनिधी अशा हक्काच्या धाकाखाली तडजोडीस धजणार नाही.

याउलट १८७९ च्या कायद्यातील मार्ग अधिक विचारार्ह वाटतो. वचनाची सक्ती न करता हिशेबाची सक्ती करावी. परिस्थिती बदलली, निधी आला नाही, वरच्या तालुक्यांनी ऐकले नाही, हे सर्व सांगण्याची मोकळीक प्रतिनिधीस असावी. परंतु ते त्याने दरवर्षी, लेखी, मूळ वचनाचा उतारा वर देऊन सांगावे. पाण्यापुरती याची एक वाट २००५ च्या कायद्यांनी दाखविली आहे. पाणी वापर संस्थेस घनमापनाने ठरलेला हक्क मिळतो, त्याचा करारनामा होतो, आणि किती मिळाले हे मोजता येते. या संस्था सर्वत्र नीट चालतात असे नाही. पण जेथे मापन आहे तेथे भाषणास पर्याय निर्माण झालेला असतो.

दप्तराचा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. महाराष्ट्रात २००२ च्या आणि नंतर देशात २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने शासनाचे कागद नागरिकास पाहता येऊ लागले. जाहीरनामा हा शासनाचा कागद नव्हे. केंद्रीय माहिती आयोगाने जून २०१३ मध्ये सहा राष्ट्रीय पक्षांना या कायद्याच्या कक्षेत धरले, परंतु पक्षांनी ते मानले नाही. गावोगाव वाटली जाणारी पत्रके, सभांची हस्तपत्रके, तालुक्यापुरते छापलेले वचननामे ही तर मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी रद्दीत जातात. सावकाराने रोखा जपला, कारण त्यावर त्याचे पैसे होते. मतदाराने पत्रक जपले नाही, कारण त्यावर त्यास काही मिळेल असे कोणत्याही कायद्याने सांगितलेले नव्हते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस स्थानिक इतिहासाचे प्रबंध-विषय सुचविताना या साधनाकडे आपण लक्ष दिलेले नाही. कर्जत, राशीन, मिरजगाव येथील जुन्या कार्यकर्त्यांच्या घरी, छापखान्यांच्या नमुना-वहींत आणि स्थानिक साप्ताहिकांच्या फायलींत अशी पत्रके शोधता येतील. त्यांच्या शेजारी त्या त्या वर्षाची आवर्तनाची पत्रके आणि विधानसभेच्या कामकाजाचे छापील वृत्तांत ठेवता येतील. वर्षवार एक बाजू वचनाची व दुसरी प्रत्यक्षाची अशी खतावणी मांडावयाची झाल्यास आरंभ कुकडीपासून करणे सोयीचे पडेल, कारण तेथे पाणी सुटल्याची तारीख कोठे ना कोठे नोंदलेली असते.