प्रिवाट-डोझेंट : विनावेतन अध्यापनाची एक परंपरा

आपल्याकडील जुन्या कचेऱ्यांतून ‘उमेदवार’ या नावाने ओळखला जाणारा एक वर्ग असे. जागा रिकामी होईपर्यंत विनावेतन कारकुनी करावयाची, वरिष्ठांची मर्जी सांभाळावयाची आणि केवळ उमेदीवर दिवस काढावयाचे, हा त्याचा क्रम. ही स्थिती कारकुनांच्याच वाट्याला आली, विद्वानांच्या नव्हे, अशी कोणाची समजूत असेल तर जर्मन विद्यापीठांचा इतिहास चाळताच ती दूर होईल. ज्या विद्यापीठांकडे पाहून एकोणिसाव्या शतकात अनेक देशांनी संशोधनाचा धडा गिरवला, ज्यांच्या नमुन्यावर आजची पीएच. डी. ही पदवी अन्यत्र रुजली, त्यांचा बराचसा भार अशाच उमेदवारांच्या खांद्यांवर होता.

त्यांना ‘प्रिवाट-डोझेंट’ म्हणत. डॉक्टरेट मिळाल्यावर पुन्हा एक मोठा प्रबंध लिहावयाचा, प्राध्यापकमंडळापुढे परीक्षा-व्याख्यान द्यावयाचे. ते मान्य झाले की अध्यापनाचा अधिकार प्राप्त होई. अधिकार अध्यापनाचा, वेतनाचा नव्हे. वर्गात येऊन बसणारे विद्यार्थी जी फी देतील तेवढेच उत्पन्न. त्यातही ज्या विषयांना गर्दी लोटे ते वर्ग बहुधा वेतन घेणाऱ्या प्राध्यापकाकडे असत आणि त्यांची फीदेखील त्याच्याच पदरात पडे.

या पद्धतीच्या समर्थनार्थ इमॅन्युएल कांटचे उदाहरण नेहमी पुढे केले जाते. १७५५ साली तो केनिग्झबर्ग येथे अध्यापक झाला आणि १७७० साली त्यास तर्कशास्त्र व तत्त्वमीमांसा यांचे प्राध्यापकपद मिळाले, त्या वेळी तो सेहेचाळिशीच्या उंबरठ्यावर होता. मधली पंधरा वर्षे तर्कशास्त्र, गणित, पदार्थविज्ञान, भूगोल असे नाना विषय तो शिकवीत राहिला. १७६६ साली राजवाड्याच्या ग्रंथालयात साहाय्यक ग्रंथपालाची जागा मिळाली. वार्षिक ६२ थालर ही त्याची पहिली नियमित प्राप्ती. १७६४ साली काव्यशास्त्राचे प्राध्यापकपद देऊ केले असता त्याने ते नाकारले होते! वाङ्मयसेवकांनी यावर रुसू नये. तथापि ही वर्षे सोसूनही कांट मोठा झाला. ती सोसल्यामुळे मोठा झाला असे म्हणण्यास आम्हांस तरी आधार सापडत नाही. जे वाटेतच खचले त्यांचे चरित्र कोणी लिहिले नाही, आणि पद्धतीचे समर्थक नेमके हेच विसरतात.

या व्यवस्थेतील मेख माक्स वेबर याने ७ नोव्हेंबर १९१७ रोजी म्यूनिक येथील व्याख्यानात उघडी करून दाखविली. हे व्याख्यान १९१९ साली ग्रंथरूपाने आले. जर्मनीतील विद्याव्यवसाय हा पदरी पैसा असणाऱ्यासच परवडतो आणि प्राध्यापकपद लाभणे हा बव्हंशी यदृच्छेचा खेळ आहे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल याचा अनुभव यास पूरक आहे. १८८५ साली तो बर्लिनमध्ये डोझेंट झाला. पूर्ण प्राध्यापकपद मिळावयास १९१४ साल उजाडले, तेही दूर स्ट्रासबुर्गला. त्याच्या वर्गांना गर्दी असे, पण तो ज्यू कुळातला होता. पालकाकडून मिळालेला वारसा नसता तर एवढा काळ त्याने कशाच्या बळावर काढला असता?

वेतन नाही तर निदान स्वातंत्र्य तरी आहे, असे समाधान काही जण मानीत. तेही टिकले नाही. बर्लिनचा भौतिकशास्त्रज्ञ लेओ आरोन्स हा समाजवादी पक्षाचा सभासद होता. त्याच्या प्राध्यापकमंडळाने त्यास काढण्याचे नाकारले, तेव्हा प्रशियन सरकारने १८९८ साली खास कायदा करून डोझेंटांना सरकारी शिस्तीखाली आणले आणि १९०० साली आरोन्सला अध्यापनातून दूर केले. वेतन देताना जो सरकारी नोकर नव्हता, तो शिक्षा करताना मात्र नोकर ठरला. उमेदवारीचे याहून स्वच्छ चित्र आमच्या पाहण्यात नाही.

एमी न्योटर या विदुषीची कथा तर अधिकच बोलकी आहे. १९०७ साली तिने एर्लांगेन येथे गणितातील डॉक्टरेटची परीक्षा दिली आणि पुढे सात वर्षे तेथेच विनावेतन काम केले. १९१५ साली हिल्बर्ट व क्लाइन यांनी तिला ग्यॉटिंगेनला बोलाविले. परंतु स्त्रीस अध्यापनाचा अधिकार देण्याचा नियम नव्हता. म्हणून तिची व्याख्याने हिल्बर्टच्या नावाने जाहीर होत. ज्या सिद्धांताशिवाय आजच्या भौतिकशास्त्राचे पान हलत नाही तो तिने १९१८ साली प्रसिद्ध केला, तेव्हा ती साधी डोझेंटही नव्हती. तो अधिकार १९१९ साली मिळाला. १९२२ साली प्राध्यापक ही पदवी आली, पगार आला नाही. पुढे बीजगणिताच्या अध्यापनासाठी अल्प मोबदला सुरू झाला, आणि १९३३ साली नाझी राजवटीने तोही हिरावून घेतला. अमेरिकेतील ब्रिन मॉर महाविद्यालयात जेमतेम दोन वर्षे शिकवून १९३५ च्या एप्रिलमध्ये ती निवर्तली.

जर्मनीत ही प्रथा इतिहासजमा झालेली नाही. डोझेंट ही उपाधी राखावयाची तर ठराविक तास विनामूल्य शिकविले पाहिजे, असा दंडक तेथे अनेक ठिकाणी आजही आहे. २००७ च्या कायद्याने तात्पुरत्या नेमणुकांना सामान्यतः डॉक्टरेटपूर्वी सहा व नंतर सहा वर्षांची मर्यादा घातली. ती संपेपर्यंत कायम जागा न मिळाल्यास चाळिशीतील संशोधकाने जावे कोठे, हा प्रश्न २०२१ साली तेथील तरुण विद्वानांनी जाहीरपणे विचारला.

हे सारे परदेशचे पुराण म्हणून बाजूस सारता येत नाही. आमच्या शाळेतून गेलेली मुले पुढे पीएच. डी. करावी काय, असे विचारण्यास येतात आणि त्यांच्यापुढचा रस्ता आम्हांस दिसत असतो. महाराष्ट्रात त्याचे नाव ‘तासिका तत्त्व’. आमच्या मध्यप्रदेशात शासकीय महाविद्यालयांतून त्यास ‘अतिथि विद्वान’ असे भारदस्त नाव आहे. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते तो अतिथी, असे आपले जुने लोक सांगत. या अतिथीच्या जाण्याची तिथीही कोणी सांगत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली अतिथी अध्यापकांसाठी व्याख्यानास १५०० रुपये आणि महिन्यास जास्तीत जास्त ५०,००० रुपये असा दर सुचविला. जेथे हिशेब तासांचा, तेथे उन्हाळ्याच्या सुटीचा रकाना कोराच राहतो.