ऑनलाइन विक्री करता? रिटर्न भरण्याआधी हे चार आकडे जुळवा

माझा मावसभाऊ इचलकरंजीत मोबाइलची प्रिंटेड कव्हर्स बनवतो. थोड्या ऑर्डर इन्स्टाग्रामवरून येतात, बाकीच्या एका मोठ्या मार्केटप्लेसवरून. २०२५ च्या डिसेंबरमध्ये त्याला एक सेकंड-हँड प्रिंटिंग मशीन स्वस्तात मिळत होतं. त्याने कर्जासाठी अर्ज केला, बँकेने रिटर्न मागितलं आणि अर्ज तिथेच अडकला.

कारण साधं होतं. सायबर कॅफेवाल्याने त्याचं रिटर्न आयटीआर-१ मध्ये भरलं होतं. त्या फॉर्ममध्ये धंद्याचं उत्पन्न दाखवायची सोयच नसते. बँक खात्यात जमा झालेल्या पैशांवरून अंदाजाने एक आकडा काढून तो 'इतर उत्पन्न' म्हणून टाकला होता. जीएसटी रिटर्नमध्ये विक्री वेगळीच दिसत होती. त्या वर्षाचं सुधारित रिटर्न भरायची मुदत ३१ डिसेंबर होती. आम्ही चार दिवस आधी ते भरलं. पण तोवर मशीन दुसऱ्याने उचललं होतं.

मी सीए नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण दोन रात्री त्याच्याबरोबर बसल्यावर एक गोष्ट कळली: यातलं ८० टक्के काम कायद्याचं नसून डेटा जुळवण्याचं आहे. आणि ते तुमच्या फोनवरून, तुमचं तुम्हालाच करता येतं.

बँकेत आलेले पैसे म्हणजे विक्री नव्हे

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. मार्केटप्लेस तुमच्या खात्यात टाकतं ती रक्कम सगळं कापून उरलेली असते. उत्पन्नाचं गणित मात्र विक्रीपासून सुरू होतं.

सध्याच्या दरांनी एक सोपं उदाहरण बघू. वस्तूवर १८ टक्के जीएसटी आहे असं धरू.

- सेलर पॅनेलवर दिसणारी एकूण विक्री (जीएसटी धरून): ₹६,७२,६००
- परत आलेल्या ऑर्डर वजा: ₹८२,६००
- ग्राहकांनी खरंच दिलेले पैसे: ₹५,९०,०००
- त्यातला जीएसटी: ₹९०,०००
- जीएसटी सोडून विक्री, म्हणजे उलाढाल: ₹५,००,०००

आता मार्केटप्लेस ₹५,९०,००० मधून काय कापतं ते बघा.

- कमिशन, कुरिअर, जाहिरात (त्यावरच्या जीएसटीसह): ₹१,४१,६००
- जीएसटीचा टीसीएस, ०.५ टक्के: ₹२,५००
- इन्कम टॅक्सचा टीडीएस, ०.१ टक्के: ₹५००
- बँकेत जमा: ₹४,४५,४००

एकाच धंद्याचे चार आकडे झाले: पॅनेलवर ६.७२ लाख, ग्राहकांनी दिले ५.९० लाख, उलाढाल ५ लाख, बँकेत ४.४५ लाख. जीएसटीचा हिशोब वेगळा ठेवत असाल तर रिटर्नमध्ये उलाढाल म्हणून ५ लाख दाखवायचे. भावाला मी असा तक्ता करून दाखवला तेव्हा तो म्हणाला, "दादा, पण एवढे पैसे तर माझ्या हातात आलेच नाहीत!" हातात आले नाहीत, पण विक्री तेवढी झाली. कमिशन आणि कुरिअर हा तुमचा खर्च आहे, तो पुढच्या पायरीवर वजा होतो.

इन्स्टाग्राम किंवा व्हॉट्सअॅपवरची यूपीआयने झालेली विक्री यात वेगळी मिळवायची. तिथे कुणी टीडीएस कापत नाही, म्हणून ती कुणाला दिसत नाही असं समजू नका. २०२५ च्या जुलैमध्ये कर्नाटकात छोट्या दुकानदारांना राज्याच्या कर खात्याच्या नोटिसा आल्या, त्या यूपीआयच्या आकड्यांवरूनच.

कापलेले पैसे कुठे जातात?

टीडीएस आणि टीसीएस ही नावं सारखी वाटतात, पण दोघांचे रस्ते वेगळे आहेत.

टीडीएस (कलम १९४-ओ) इन्कम टॅक्सकडे जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून हा दर १ टक्क्यावरून ०.१ टक्क्यावर आला. व्यक्तीची त्या मार्केटप्लेसवरची वर्षाची विक्री ५ लाखांपर्यंत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेलं असेल, तर तो कापला जात नाही. पॅन-आधार दिलं नसेल तर मात्र थेट ५ टक्के. कापलेली रक्कम रिटर्न भरल्यावर करातून वजा होते. कर लागत नसेल तर परत मिळते, पण त्यासाठी रिटर्न भरावंच लागतं.

टीसीएस (जीएसटी कायद्याचं कलम ५२) जीएसटीकडे जातो. १० जुलै २०२४ पासून तो १ ऐवजी ०.५ टक्के आहे. हे पैसे इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये शोधू नका, सापडणार नाहीत. जीएसटी पोर्टलवर 'टीडीएस आणि टीसीएस क्रेडिट' या भागात नोंदी स्वीकारून ते रिटर्न फाइल केलं की ही रक्कम तुमच्या इलेक्ट्रॉनिक कॅश लेजरमध्ये जमा होते. भावाने हे कधी केलंच नव्हतं, त्यामुळे त्याचे पैसे तिथेच पडून होते.

एआयएस: सरकारला काय दिसतं ते आधी बघा

एआयएस म्हणजे तुमच्या पॅनवर वर्षभरात नोंदवलेल्या व्यवहारांची यादी. इन्कम टॅक्स पोर्टलवर लॉगिन करून किंवा 'एआयएस फॉर टॅक्सपेयर' या सरकारी अॅपवरून ती बघता येते. पीडीएफ डाउनलोड केली तर पासवर्ड असतो: पॅन लहान लिपीत आणि त्याला जोडून जन्मतारीख (दिवस, महिना, वर्ष असे आठ अंक), मध्ये जागा न सोडता.

बघताना तीन गोष्टी लक्षात ठेवा.

१. एकच विक्री दोनदा दिसू शकते. एकदा टीडीएसच्या नोंदीत आणि एकदा जीएसटी उलाढालीत. दोन्हींची बेरीज करू नका.

२. नोंद चुकीची असेल तर तिच्यासमोरच 'फीडबॅक' देता येतो. गप्प बसण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

३. घाई नको. जानेवारी ते मार्चचा टीडीएस कंपन्या ३१ मेपर्यंत नोंदवतात. त्यामुळे एआयएस आणि फॉर्म २६एएस जूनच्या मध्यानंतरच पूर्ण भरलेले दिसतात.

कोणता फॉर्म?

३१ मार्च २०२६ ला संपलेल्या वर्षाचं रिटर्न जुन्या, म्हणजे १९६१ च्या कायद्याच्या नियमांनीच भरायचं आहे. नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे, त्यामुळे पुढच्या वर्षी कलमांचे नंबर बदललेले दिसतील.

छोट्या विक्रेत्यांसाठी सोपा रस्ता कलम ४४एडीचा आहे. उलाढाल २ कोटींपर्यंत असेल (रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत), तर डिजिटल जमेवर किमान ६ टक्के आणि रोखीवर किमान ८ टक्के नफा धरून आयटीआर-४ भरता येतो. प्रत्येक बिलाचा हिशोब दाखवावा लागत नाही. पण दोन अटी लोक विसरतात. प्रत्यक्ष नफा ६ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर तो जास्तीचाच आकडा दाखवायचा. आणि एकदा नफा असा धरला की त्यातून कमिशन, कुरिअर वगैरे खर्च पुन्हा वजा करता येत नाहीत.

आयटीआर-४ चालत नाही अशा काही सामान्य केसेस:

- शेअर्समध्ये कमी मुदतीचा नफा झाला असेल, एफ अँड ओ केलं असेल किंवा क्रिप्टो विकलं असेल: आयटीआर-३.
- अफिलिएट लिंकचं कमिशन मिळत असेल: कमिशनच्या उत्पन्नाला ४४एडी लागू नाही.
- एकूण उत्पन्न ५० लाखांच्या वर असेल.

'१२ लाखांपर्यंत टॅक्स नाही, मग रिटर्न कशाला?'

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कलम ८७ए ची सूट मिळून कर शून्य होतो, हे खरं आहे. पण करमुक्त मर्यादा ४ लाखांचीच आहे. उत्पन्न तिच्या वर गेलं की कर शून्य असला तरी रिटर्न भरायचं. शिवाय धंद्याची उलाढाल ६० लाखांच्या वर असेल, किंवा वर्षभरात कापलेला टीडीएस-टीसीएस मिळून ₹२५,००० किंवा जास्त असेल, तरी भरावंच लागतं.

आणि सक्ती नसली तरी भरा, असं माझं मत आहे. कर्ज मागताना धंद्याचा पुरावा म्हणून रिटर्नच बघितलं जातं. हे आम्ही मशीन घालवून शिकलो.

वर्षाचा कर ₹१०,००० किंवा त्याहून जास्त होणार असेल, तर अॅडव्हान्स टॅक्सही भरावा लागतो. ४४एडीवाल्यांसाठी तो एकाच हप्त्यात, १५ मार्चपर्यंत.

जीएसटी नंबर कधी लागतो?

- महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रातच, स्वतःच्या पेजवरून वस्तू विकत असाल: उलाढाल ४० लाखांच्या आत असेपर्यंत नंबर लागत नाही.
- करपात्र वस्तू दुसऱ्या राज्यात पाठवत असाल: पहिल्या ऑर्डरपासूनच लागतो. काही ठरावीक हस्तकला वस्तूंना सवलत आहे. कोल्हापूरहून बेळगावला पाठवलेलं पार्सलही दुसऱ्या राज्यातच जातं!
- मार्केटप्लेसवरून विकत असाल: साधारणपणे लागतो. पण १ ऑक्टोबर २०२३ पासून, उलाढाल मर्यादेच्या आत असेल आणि फक्त आपल्याच राज्यात विकत असाल, तर जीएसटी पोर्टलवरून नुसता एनरोलमेंट नंबर घेऊनही चालतं.

नंबर घेतला की ऑर्डर नसलेल्या काळातही 'निल' रिटर्न भरायचं असतं. विसरलात तर दिवसाला ₹२० लेट फी. रक्कम छोटी वाटते, पण सहा महिन्यांनी बघाल तेव्हा वाटणार नाही.

माझी पद्धत: महिन्याला अर्धा तास

सगळं वर्ष जुलैत उपसण्यापेक्षा दर महिन्याच्या १० तारखेनंतर एवढं करा.

१. धंद्याचं बँक खातं आणि यूपीआय वेगळं ठेवा. आईने किराण्यासाठी पाठवलेले पैसे आणि ग्राहकाचे पैसे एकाच खात्यात आले की नंतर वेगळे करता करता नाकी नऊ येतात.

२. सेलर पॅनेलवरून तीन रिपोर्ट डाउनलोड करा: विक्रीचा, सेटलमेंटचा आणि टॅक्सचा. जुने रिपोर्ट कायम उपलब्ध राहतील असं गृहीत धरू नका.

३. ड्राइव्हमध्ये वर्षाचं एक फोल्डर, त्यात महिन्यांची बारा. फाइलचं नाव वर्ष-महिना-प्रकार असं द्या, म्हणजे क्रम आपोआप लागतो.

४. खर्चाच्या बिलांचा फोनने स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये टाका. कच्चा माल, बॉक्स, टेप, इंटरनेट, सगळंच.

५. एका शीटमध्ये महिन्याला एक ओळ: विक्री, परतावे, जीएसटी, कमिशन-कुरिअर, टीडीएस, टीसीएस, बँकेत जमा. शेवटच्या रकान्यात वजाबाकीचं सूत्र टाका. उत्तर शून्य आलं तर महिना जुळला. नाही आलं तर त्याच आठवड्यात शोधा, वर्षाने शोधलंत तर काहीच आठवणार नाही. महिनाअखेरच्या ऑर्डरचे पैसे पुढच्या महिन्यात येतात, फरक बऱ्याचदा तिथेच असतो.

जीएसटी नंबर असेल तर हे रेकॉर्ड संबंधित वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावं लागतं. एक कॉपी ड्राइव्हवर, एक पेनड्राइव्हवर.

भरताना आणि भरल्यावर

शेवटची तारीख पोर्टलवरच बघा, फॉरवर्ड आलेल्या मेसेजवर विसंबू नका. २०२५ मध्ये ३१ जुलैची मुदत आधी १५ सप्टेंबर झाली आणि मग आणखी एक दिवस वाढली. पण दरवर्षी वाढेलच असं नाही. उशीर झाला तर ₹५,००० लेट फी, एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर ₹१,०००.

रिटर्न सबमिट केलं की काम संपलं असं नाही. ३० दिवसांच्या आत ते व्हेरिफाय करावं लागतं. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, दोन मिनिटांचं काम. ते राहिलं तर रिटर्न भरलंच नाही असं धरलं जातं.

याच दिवसांत 'तुमचा रिफंड मंजूर झाला आहे' असे खोटे एसएमएस फिरतात. त्यातली लिंक उघडू नका, कुणी पाठवलेली एपीके फाइल टाकू नका. पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करा आणि तो 'डॉट गव्ह डॉट इन'ने संपतो ना, ते बघा. रिफंडसाठी पिन, पासवर्ड किंवा कार्डचा नंबर विचारणारा फोन आला तर तो खात्याकडून आलेला नाही.

सीएकडे कधी जायचं? नोटीस आली असेल, नफा ६ टक्क्यांपेक्षा कमी दाखवायचा असेल, परदेशातून पैसे येत असतील, किंवा जीएसटीची रिटर्न्स राहून गेली असतील तर लगेच. पण जाताना हातात वरची शीट असू द्या. चार आकडे जुळलेले असले की सीएचा वेळ वाचतो आणि तुमची फीसुद्धा.

भाऊ आता दर महिन्याला शीट भरतो आणि मला स्क्रीनशॉट पाठवतो. शेवटच्या रकान्यात शून्य असलं की मी अंगठा पाठवतो. तुम्ही अजून सुरुवात केली नसेल तर आज एकच करा: एआयएस उघडा आणि त्यातला आकडा तुमच्या सेलर पॅनेलशी ताडून बघा.