आरमार आणि ॲस्बेस्टॉस

आरमाराचा इतिहास तोफांच्या गणतीने सांगण्याची आपली रीत आहे. दुसऱ्या महायुद्धातील पाणबुड्यांत व युद्धनौकांत तापणाऱ्या नळ्यांवर ॲस्बेस्टॉसचे वेष्टण असे. पाणबुडीतील हवा कोंडलेली. दुरुस्तीत उडालेली धूळ खलाशाच्याच फुप्फुसांत जाई. ती घातक आहे हे काही अज्ञात नव्हते. इंग्लंडने १९३१ सालीच कारखान्यांतील या धुळीवर निर्बंध घातले होते. जहाजांवर मात्र तिचा वापर चालूच राहिला. शिवाय २० ते ५० वर्षांनी उमटणाऱ्या कर्करोगास युद्धातील जखम कोण म्हणणार?

त्याच काळची एक नौका मुंबईस येऊन संपली. १९४३ साली 'हर्क्युलिस' या नावाने जिची बांधणी सुरू झाली, तीच आपली 'विक्रान्त'. तिचा १९७१ सालचा पराक्रम सर्वश्रुत आहे; २०१४ साली दारूखान्यात ती तोडावयास घेतली, तेव्हा हळहळही पुष्कळ झाली. परंतु असल्या जुन्या बोटींचे अस्तर ज्यांच्या हातांनी निघते, त्यांच्यासाठी कोण हळहळले? ॲस्बेस्टॉसच्या कामगाराच्या प्रकृतीची नोंद निदान ४० वर्षे ठेवावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. आदेश उत्तमच, पण आज गोदीत तर उद्या गावी, अशा रोजंदारी मजुराची ती वही कोणाच्या कपाटात राहावयाची?