पेटीची स्वतंत्र मैफल

युरोपांतील एखादा नामांकित वादक कॅथेड्रलमध्यें ऑर्गन वाजवावयास बसतो, तेव्हां तो एकटाच असतो. पुढें गायक नाहीं, शेजारीं साथीदार नाहीं. दगडी कमानी आणि लहानमोठ्या नळ्यांतून उमटणारा नाद, एवढाच त्याचा संसार. मुंबईचें सेंट टॉमस चर्च १७१८ च्या नाताळांत उघडलें व १८३७ सालीं कॅथेड्रल झालें. तथापि मराठी रसिकाच्या कानांत ऑर्गन भरला तो प्रार्थनामंदिरांतून नव्हे, नाटकगृहांतून. गंधर्व नाटक मंडळीचा ऑर्गन नळ्यांचा नव्हता. पायानें भाता हलवून रीडांवर वाजवावयाचें तें वाद्य होतें. बाजाची पेटी ही त्याचीच धाकटी बहीण.

पॅरिसच्या दबेन नांवाच्या कारागिरानें १८४२ सालीं हार्मोनियमचें पेटंट घेतलें. हिंदुस्थानांत तिचा भाता पायाऐवजीं हातानें चालूं लागला आणि पेटी बैठकीवर आली. कॅथेड्रलचा ऑर्गन वास्तूशीं जखडलेला. पेटी बैलगाडींतूनही जाते. म्हणून दारव्ह्यासारख्या वऱ्हाडांतील गांवींही भजनाकीर्तनांत ती रुळली. मात्र तिची जागा गाणाऱ्याच्या मागें, सूर धरण्यापुरती.

तिला मैफलीच्या मध्यभागीं आणणाऱ्यांत ग्वाल्हेरच्या राजघराण्यांतील भैयासाहेब गणपतराव अग्रगण्य होत. ठुमरीचा सारा लडिवाळपणा त्यांनीं पेटींतून काढून दाखविला. महाराष्ट्रांत हा मान गोविंदराव टेंबे यांचा. १८८१ सालीं जन्मलेले टेंबे कोल्हापूरच्या संगीतमय वातावरणांत वाढले. भास्करबुवा बखल्यांना त्यांनीं साथ केली आणि अल्लादियाखां यांच्या गायकीचा संस्कार घेतला. १९११ च्या ‘मानापमान’ नाटकाच्या चाली त्यांच्या, १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटांतील हरिश्चंद्रही तेच. परंतु नट व संगीतकार म्हणून मिळालेल्या कीर्तीहून त्यांच्या एकट्या पेटीचें मोल अधिक मानावें लागेल.

कारण अडचण खरोखरीच मोठी होती. पेटीचा प्रत्येक स्वर कारखान्यांतच ठरून येतो. सारंगीप्रमाणें एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणें तिला अशक्य. मींड निघत नाहीं. वादकाच्या हातीं उरतें काय? भात्याचा दाब, बोटांची सफाई आणि कणस्वराची योजना. पहिली पट्टी पुरती सुटण्याच्या आंत दुसरी दाबली, म्हणजे तुटलेले स्वर कानाला सांधल्यासारखे वाटतात. हा भासच; पण तो साधण्यास गाणें गळ्यांत मुरलेलें असावें लागतें.

आक्षेपकांचा दुसरा मुद्दा श्रुतींचा. सप्तकाचे बारा समान भाग पाडणारी पेटी आमच्या रागांना कशी पुरावी? सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल व क्लेमंट्स साहेब यांनीं यावर श्रुतींची हार्मोनियम सिद्ध केली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेंत ती पुढें आली. गवयांचें समाधान मात्र झालें नाहीं.

अखेर १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओनें पेटीस दार बंद केलें. शास्त्राच्या दृष्टीनें आक्षेप निराधार नव्हता; पण ज्या वाद्यानें घरोघर स्वरज्ञान पोंचविलें, त्याला सरसकट मज्जाव करणें हा न्याय कठोरच म्हटला पाहिजे. घरांतली पेटी त्यामुळें थांबली नाहीं, आणि नाटकांतलीही नाहीं. टेंबे १९५५ सालीं निवर्तले. नभोवाणीवरील ही बंदी सैल होऊं लागण्यास १९७१ साल उजाडावें लागलें.