साचेबद्ध प्रतिमेचा धोका आणि प्रौढांतील एडीएचडी
आपल्या गटाविषयीचा हलका समज आपल्याच हातून खरा ठरेल, या धास्तीने परीक्षेतील कामगिरी खालावणे म्हणजे साचेबद्ध प्रतिमेचा धोका. क्लॉड स्टील व जोशुआ अ‍ॅरन्सन यांनी १९९५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्रयोगांवरून ही संकल्पना मांडली. अवघड शाब्दिक चाचणी ‘बौद्धिक क्षमतेची कसोटी’ म्हणून दिली, तेव्हा कृष्णवर्णीय विद्यार्थी, आधीचे गुण जमेस धरूनही, श्वेतवर्णीयांच्या मागे पडले. क्षमतेचा उल्लेख टाळल्यावर ही तफावत बरीच घटली.

असाच हलका समज एडीएचडीविषयीही (अवधानाचा अभाव व अतिचंचलता) असतो : ती असलेल्या प्रौढांना ‘आळशी’, ‘धांदरट’, ‘बेभरवशाचे’ ही शेलकी विशेषणे बहुधा शाळेपासून चिकटलेली असतात. चिंता कार्यरत स्मृतीचा, म्हणजे माहिती क्षणभर मनात धरून वापरण्याच्या क्षमतेचा, काही भाग अडवते. एडीएचडीत अनेकदा नेमकी हीच क्षमता तोकडी असते. त्यामुळे त्यांना धास्तीची झळ अधिक बसावी, हे अनुमान सयुक्तिक आहे. निदानाच्या चाचणीत तर पेच वाढतो : ‘तुमची एकाग्रता तपासतो आहोत’ हे सांगणेच मोजमापात ढवळाढवळ करू शकते.

या धास्तीचा परिणाम किती मोठा, याविषयी मात्र सावधगिरी हवी. नेदरलँड्समधील दोन हजारांहून अधिक शालेय विद्यार्थ्यांवरील अभ्यासात (२०१८) मुलींच्या गणितातील कामगिरीवर असा परिणाम आढळला नाही.