सोंगाआडचे दुखणे

झोपलेल्याला जागे करता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला जागे करता येत नाही, ही आपल्याकडील जुनी म्हण आहे. आजाराच्या सोंगाविषयी वैद्यकशास्त्रानेही शतकानुशतके असेच मानले. या समजुतीला तडा कसा गेला, तो इतिहास आज आपणांपुढे थोडक्यात ठेवण्याचा आमचा मानस आहे.

सोंग ओळखण्याची विद्या प्राचीन आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ग्रीक वैद्य गेलन याने खोटे आजारी कसे ओळखावेत, यावर एक छोटा लेख लिहिला. १८४३ साली लंडनमध्ये हेक्टर गॅव्हिन याचा ग्रंथ निघाला, तो मुख्यतः सैनिकांच्या व खलाशांच्या बनावट आजारांविषयी. तेथे प्रश्न सरळ होता. शिपायाला रजा हवी, निवृत्तिवेतन हवे, म्हणून तो लंगडतो. लबाडी पकडली की वैद्याचे काम संपले.

पण काही रोग्यांच्या बाबतीत असा हेतू सापडेना. जो माणूस आपल्या जखमेत घाण घालतो, स्वतःचे रक्त काढून पांढराफटक पडतो, पुनःपुन्हा पोट चिरून घ्यायला तयार होतो, त्याला मिळते तरी काय? १९३४ साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ कार्ल मेनिंजर यांनी वारंवार शस्त्रक्रिया करवून घेण्याच्या व्यसनावर लिहिले आणि त्यामागे आत्मनाशाची प्रेरणा शोधली. लबाडीच्या जागी वेदना दिसू लागली ती येथे.

१९५१ साली लंडनचे डॉक्टर रिचर्ड ॲशर यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात अशा रोग्यांचे वर्णन केले. कोणी पोटदुखीचे, कोणी रक्तस्रावाचे, तर कोणी झटक्यांचे नाटक करीत इस्पितळामागून इस्पितळे पालथी घालतो. ॲशर यांनी या विकाराला बॅरन मुंचाउझेन याचे नाव दिले. हा अठराव्या शतकातील खराखुरा जर्मन उमराव. रशियाच्या सैन्यात तुर्कांविरुद्ध लढून आलेला आणि मित्रमंडळींत अचाट गोष्टी सांगण्यात रमणारा. १७८५ साली रास्प नावाच्या लेखकाने त्याच्या नावावर गप्पांचे पुस्तक छापले व तो बिचारा जन्माचा हास्यविषय झाला.

नाव चटकन रूढ झाले. परंतु आमच्या मते त्याने एक नुकसानही केले. बॅरन गप्पा मारी. त्याने आपल्या देहावर सुरी चालविली नव्हती. गमतीदार नावामुळे रोगीही गमतीचा विषय झाला. अशांची काळी यादी करून ती इस्पितळांना पाठवावी, अशाही सूचना निघाल्या. सोंग उघडे पाडले की रोगी रागाने निघून जाई आणि दुसऱ्या गावी, दुसऱ्या नावाने दाखल होई. वैद्याचा विजय होई, रोग मात्र तसाच राही.

१९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात या कृतक व्याधींना स्वतंत्र स्थान मिळाले. कामचुकाराला आजारातून काही तरी मिळवायचे असते. या रोग्याला आजारीपणच हवे असते. आपण काय करतो हे त्याला कळते, का करतो हे कळत नाही. अनेकांच्या पूर्वायुष्यात आबाळ, छळ किंवा जिवलगांचा वियोग आढळतो. ज्याला मायेचा हात आजारपणातच लाभला, तो त्या हातासाठी पुन्हा आजारी पडतो.

मग उपचार कोणता? १९८९ साली अमेरिकेतील आयझेनड्राथ यांनी सुचविले की, रोग्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. अब्रू राखून बरे होण्याची वाट त्याला मोकळी ठेवावी. जर्मनीतील प्लासमान यांनी १९९४ साली अशा रोग्यांच्या इस्पितळातील व बाहेरील दीर्घकालीन मानसोपचाराविषयी लिहिले. हे काम महिन्यांचे नव्हे, वर्षांचे. आजारी न पडताही कोणी आपल्याकडे लक्ष देते, ठरल्या दिवशी ठरल्या वेळी आपली वाट पाहते, हा अनुभव रोग्याला सावकाश यावा लागतो. तो मध्येच पुन्हा स्वतःला इजा करील, खोटे बोलेल. त्या वेळी उपचारकाने ना फसावे, ना संतापावे. हेच सर्वांत कठीण.

येथे अतिशयोक्ती नको. २००८ साली उपलब्ध अनुभवांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा कोणतीही एक पद्धत निश्चित श्रेष्ठ ठरविण्याइतका पुरावा मिळाला नाही. पुष्कळ रोगी उपचार अर्ध्यावर सोडून जातात. शिवाय १९७७ साली इंग्लंडमध्ये रॉय मेडो यांनी दाखविले की, काही पालक आपल्या मुलाला मुद्दाम आजारी करतात. तेथे प्रथम मुलाचे रक्षण; पालकावरील दया नंतर.

तरीही इतिहासाने प्रश्न बदलला आहे. ‘हा खोटे बोलतो काय?’ असे गेलनच्या काळापासून विचारले गेले. ‘याला खोटे का बोलावे लागते?’ हे विचारायला फार उशीर लागला. म्हण खोटी नाही. सोंग घेतलेला हलवून जागा होत नाही, हे खरेच. पण उशाशी कोणी शांतपणे बसून राहिले, तर कधी कधी तो आपणहून डोळे उघडतो.