आणीबाणीचा ब्रेक : झटका नको, वाढता दाब हवा

दुचाकी शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला घरातील वडीलधाऱ्यांकडून एक सल्ला हमखास मिळतो : ‘पुढचा ब्रेक लावू नकोस, तोंडावर पडशील.’ हा सल्ला काळजीपोटी दिलेला असतो आणि त्यात सत्याचा अंशही आहे. पुढचा ब्रेक झटक्याने करकचून दाबला तर चाक जाम होऊन गाडी आडवी होते, हे खरेच. परंतु या एका वाक्याने अनेक दुचाकीस्वारांच्या मनात आपल्या गाडीतील सर्वांत प्रभावी ब्रेकविषयीच भीती बसवली आहे. प्रसंग ओढवतो तेव्हा ते मागच्या ब्रेकवर सारा जोर देतात. मागचे चाक जाम होऊन फरपटत जाते आणि गाडी जिथे थांबायला हवी होती, त्याच्या कितीतरी पुढे जाऊन थांबते किंवा कशावर तरी आदळते.

हा विषय किरकोळ नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशातील रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली आणि त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती. यातील प्रत्येक मृत्यू ब्रेकच्या चुकीमुळे झाला, असे अर्थातच म्हणता येणार नाही. तथापि समोर अडथळा दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंतच्या काही क्षणांत स्वाराच्या हातापायांनी काय केले, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

दोन सेकंदांचा खेळ

मोटरसायकल अपघातांचा एक अत्यंत बारकाईने केलेला अभ्यास म्हणून अमेरिकेतील ‘हर्ट अहवाला’चा उल्लेख आजही केला जातो. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजलिस परिसरातील सुमारे ९०० अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. त्यांचा अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला. त्यातील दोन निष्कर्ष आपल्याकडील स्वारांनीही लक्षात ठेवावेत असे आहेत. पहिला असा की, धोका दिसल्यापासून टक्कर होईपर्यंत सर्वसाधारणपणे स्वाराच्या हाती दोन सेकंदांहूनही कमी वेळ असतो. दुसरा असा की, बहुतेक स्वारांनी या वेळात मागचा ब्रेक गरजेपेक्षा जास्त दाबून चाक घसरवले आणि पुढच्या ब्रेकचा मात्र पुरेसा वापर केला नाही.

अंतराचे गणित मांडून पाहिले म्हणजे यातील गांभीर्य कळते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर अंतर कापते. धोका ओळखून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो. त्यानंतर कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट वापरले तर गाडी आणखी सुमारे २० मीटरमध्ये थांबते. म्हणजे एकूण ३७ मीटर. केवळ मागचा ब्रेक वापरल्यास याच गाडीला थांबायला ब्रेक लागल्यानंतर ४५ मीटरहून अधिक अंतर लागते. पहिली गाडी जिथे उभी राहिली, त्या ठिकाणी दुसरी गाडी अजूनही ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास वेगाने धावत असते. हा फरक गाडीच्या किमतीचा नाही, ब्रेक लावण्याच्या पद्धतीचा आहे.

वेग कमी असेल तर हेच अंतर झपाट्याने घटते. ताशी ४० किलोमीटर वेगात ब्रेक लागल्यानंतर साधारण ९ मीटर पुरतात. वेग दीडपट झाला की थांबण्याचे अंतर सव्वादोन पट होते, हे सूत्र प्रत्येकाने मनात पक्के करावे.

भार पुढे का जातो?

बसने अचानक ब्रेक लावला की उभे प्रवासी पुढे झुकतात. दुचाकीचेही तसेच होते. ब्रेक लागताच गाडीचा आणि स्वाराचा भार पुढच्या चाकावर येतो, पुढचा टायर रस्त्यावर अधिक जोराने दाबला जातो आणि त्याची पकड वाढते. उलट मागचे चाक हलके होऊन त्याची पकड कमी होते. म्हणूनच कोरड्या रस्त्यावर जोराने ब्रेक लावताना गाडी थांबवण्याचे साधारण तीन चतुर्थांश काम पुढचे चाक करते. मागचे चाक लवकर जाम होते, ते याच कारणाने.

मात्र हा भार पुढे सरकायला काही क्षण लागतात. तो येण्याआधीच पुढचा ब्रेक पूर्ण दाबला तर टायरला पकड मिळालेली नसते आणि चाक जाम होते. वडीलधाऱ्यांनी पाहिलेले अपघात बहुधा या प्रकारचे असतात. दोष पुढच्या ब्रेकचा नसून झटक्याचा असतो. लिंबू पिळताना आपण मुठीचा जोर जसा वाढवत नेतो, तसाच हा ब्रेक दाबावा. आधी लिव्हरमधील मोकळी जागा संपेपर्यंत हलका दाब, पुढचे शॉकअप खाली बसल्याचे जाणवताच जोर वाढवत जाणे, हा खरा क्रम होय. सरावाने हे सारे अर्ध्या सेकंदाच्या आत होते.

अचानक थांबण्याची रीत

आणीबाणीच्या वेळी पुढील गोष्टी जवळजवळ एकाच वेळी कराव्या लागतात :

* ॲक्सिलरेटर पूर्ण बंद करावा. घाबरून मूठ आवळताना तो नकळत फिरतो, याची जाणीव ठेवावी.

* पुढचा ब्रेक चढत्या दाबाने आणि मागचा ब्रेक हलक्या, स्थिर दाबाने, दोन्ही एकत्र लावावेत.

* गाडी सरळ आणि उभी ठेवावी. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरावी, म्हणजे शरीराचा सारा भार हातांवर येत नाही आणि हँडल मोकळे राहते.

* नजर अडथळ्यावर खिळवू नये. जिथे नजर, तिथे गाडी. सुटण्याची वाट कुठे आहे, तिकडे पाहावे.

* गाडी थांबत आल्यावर क्लच दाबून पहिला गिअर टाकावा, म्हणजे मागून वाहन येत असल्यास लगेच बाजूला होता येते. आधीच क्लच दाबून गाडी मोकळी सोडण्याची सवय मात्र वाईट. त्यामुळे इंजिनाचा रोध नाहीसा होतो.

पावसातला रस्ता

पावसाळ्यात सर्वांत निसरडा असतो तो पहिल्या सरींचा रस्ता. उन्हाळाभर साचलेले तेल, रबराचे कण आणि धूळ पाण्यात मिसळून डांबरावर एक चिकट थर तयार होतो. मुसळधार पाऊस पडून हा थर वाहून गेला की पकड काहीशी सुधारते. त्यामुळे जूनमधील पहिल्या रिमझिमीत जास्तीत जास्त सावध असावे.

ओल्या डांबरावर ताशी ६० किलोमीटर वेगातून गाडी थांबायला, ब्रेक नीट वापरूनही, २८ मीटर किंवा त्याहून अधिक अंतर लागते, असे धरून चालावे. पावसात पुढचा ब्रेक वापरूच नये, हा समज चुकीचा आहे. एवढेच की, ओल्या रस्त्यावर वेग हळूहळू कमी होत असल्याने भारही कमी प्रमाणात पुढे जातो. साहजिकच मागच्या ब्रेकचा वाटा कोरड्या दिवसापेक्षा वाढतो आणि पुढच्या ब्रेकचा दाब अधिक सावकाश वाढवावा लागतो.

डिस्क ब्रेकच्या चकतीवर पाण्याचा पातळ पडदा असतो. तो पुसला जाईपर्यंत पहिल्या क्षणी ब्रेक लागतच नाही असे वाटते, मग अचानक पकडतो. यासाठी सिग्नल किंवा वळण दिसताच आधी ब्रेक हलकेच टेकवून चकती कोरडी करावी. पाण्यातून गाडी काढल्यानंतरही ब्रेक दोन-तीनदा हळुवार लावून पाहावेत. ड्रममध्ये पाणी शिरले असेल तर तो पुन्हा पकडू लागायला थोडा वेळ लागतो.

काही जागा तर पावसात साबणासारख्या होतात : झेब्रा क्रॉसिंग आणि रंगवलेले पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे, उड्डाणपुलांचे लोखंडी सांधे, खोदकामावर टाकलेल्या पत्र्याच्या प्लेटा, रेल्वे फाटकातील रूळ, गुळगुळीत झालेले पेव्हर ब्लॉक. कोकणात आणि गोव्यात तांबड्या मातीचा चिखल रस्त्यावर येतो. भातलावणीच्या दिवसांत चिखलणी करून परतणाऱ्या ट्रॅक्टरांच्या चाकांबरोबर शेतातला गाळ डांबरावर पसरतो. अशा जागी ब्रेक लावायचाच झाला तर त्या जागेच्या आधी लावून संपवावा, त्यावरून जाताना गाडी सरळ आणि ॲक्सिलरेटर स्थिर ठेवावा.

पुढील वाहनापासून कोरड्या रस्त्यावर किमान दोन सेकंदांचे आणि पावसात चार सेकंदांचे अंतर राखावे. पुढचे वाहन एखाद्या खांबाजवळून गेले की ‘एकशे एक, एकशे दोन’ असे मोजावे. चार आकडे पूर्ण होण्याआधी आपण त्या खांबापाशी पोहोचलो तर आपण फार जवळ आहोत.

घाट आणि वळणे

कशेडी, ताम्हिणी, वरंधा, आंबोली अशा घाटांतून उतरताना इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे म्हणजे ब्रेकवर सारा भार टाकणे. सततच्या वापराने ब्रेक तापतात आणि त्यांची पकड कमी होत जाते. ज्या गिअरमध्ये घाट चढलो असतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावा आणि इंजिनाला वेग धरू द्यावा.

वेग कमी करणे वळणाच्या आधीच पूर्ण व्हावे. वळणात कललेल्या गाडीच्या टायरची बरीचशी पकड गाडीला वळवण्यातच खर्ची पडते. ब्रेकसाठी थोडीच उरते. वळणात अचानक थांबावेच लागले तर जागा असल्यास गाडी आधी सरळ करून मग ब्रेक लावावा. जागा नसेल तर अगदी हलक्या दाबाने सुरुवात करून गाडी जसजशी उभी होईल तसतसा दाब वाढवावा.

चाक जाम झाले तर

पुढचे चाक जाम झाल्याचे जाणवताच लिव्हर क्षणभर सोडावे, चाक फिरू लागताच पुन्हा कमी दाबाने लावावे. इथे क्षणाचाही विलंब परवडत नाही. मागचे चाक जाम झाले आणि गाडी सरळ रेषेत असेल तर पेडल हलकेच सैल करावे. परंतु मागचे चाक एका बाजूला बरेच सरकले असेल, तर ब्रेक एकदम सोडू नये. चाकाला अचानक पकड मिळाली की गाडी झटक्याने सरळ होते आणि स्वार पलीकडे फेकला जातो. अशा वेळी मागचा ब्रेक तसाच धरून, नजर समोर ठेवून गाडी थांबू द्यावी.

एबीएस आणि सीबीएस

चाक जाम होऊ न देणारी एबीएस ही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मोटरसायकलवर प्रथम १९८८ साली बीएमडब्ल्यूच्या के १०० या गाडीत आली. भारतात १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा अधिक क्षमतेच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस, तर १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना एबीएस किंवा दोन्ही ब्रेक जोडणारी सीबीएस यंत्रणा बंधनकारक झाली.

एबीएस असलेल्या गाडीवर आणीबाणीत ब्रेक जोराने दाबून तसेच धरावेत. लिव्हर किंवा पेडलमध्ये थरथर जाणवली की अनेक जण दचकून ब्रेक सोडतात. ती थरथर म्हणजे यंत्रणा काम करीत असल्याची खूण होय. आपल्याकडील अनेक गाड्यांत एबीएस केवळ पुढच्या चाकाला असते. अशा गाडीचे मागचे चाक जाम होऊ शकते, हे विसरू नये. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक लावला की पुढचाही काही प्रमाणात लागतो. पण पूर्ण ताकदीसाठी पुढचे लिव्हर स्वतंत्रपणे दाबावेच लागते, आणि ही यंत्रणा चाक जाम होणे रोखत नाही. शिवाय एबीएस असले तरी ओल्या रस्त्याची पकड वाढत नाही. ती आहे तेवढीच राहते.

मागे बसणारा आणि गाडीची निगा

मागे कोणी बसले असेल तर थांबण्याचे अंतर वाढते आणि मागच्या चाकावरील भार जास्त असल्याने मागचा ब्रेक अधिक उपयोगी पडतो. एका बाजूला पाय सोडून बसलेल्या व्यक्तीचा तोल जोरदार ब्रेकमध्ये चटकन जातो. अशा वेळी वेग मुळातच कमी ठेवावा.

नियमानुसार दुचाकीच्या टायरवरील नक्षीची खोली किमान ०.८ मिलिमीटर असावी लागते. परंतु पाणी बाहेर फेकण्याचे काम ही नक्षीच करीत असल्याने पावसाळ्याआधी टायर त्या मर्यादेपर्यंत झिजू देऊ नयेत. हवा टायर थंड असताना आणि कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानुसारच भरावी. ब्रेक पॅड व लायनर तपासून घ्यावेत, ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलावे. साखळीला तेल देताना किंवा पॉलिश करताना त्याचा थेंबही डिस्कवर पडू देऊ नये.

मुख्य गोष्ट सराव

परवान्याच्या चाचणीसाठी आठचा आकडा काढण्याची तयारी सारेच करतात. जीव वाचवणाऱ्या ब्रेकची तयारी क्वचितच कोणी करतो. आणीबाणीत माणूस विचार करीत नाही, अंगवळणी पडलेलेच करतो. म्हणून सरावाला पर्याय नाही. मोकळे, सपाट, रहदारी नसलेले डांबरी आवार पाहावे. हेल्मेट, बूट आणि हातमोजे घालून आधी ताशी २० किलोमीटर वेगातून आणि मग क्रमाक्रमाने ३० व ४० किलोमीटर वेगातून दोन्ही ब्रेक चढत्या दाबाने लावून सरळ रेषेत थांबावे. प्रत्येक वेळी गाडी किती अंतरात थांबली, ते खडूने नोंदवावे. कोरड्यावर हात बसल्यानंतर हाच सराव कमी वेगाने ओल्या जागेवर करावा. पावसाळ्यापूर्वी आणि नवी गाडी घेतल्यावर एक तास यासाठी अवश्य काढावा.

घरातील मुलामुलींना गाडी शिकवताना तर पहिल्या आठवड्यातच हा धडा द्यावा. पुढच्या ब्रेकला हात लावू नका, असे सांगण्यापेक्षा तो कसा दाबायचा, हे दाखवणे अधिक हिताचे.